बालपणीचा छंद आणि पन्नाशीतील आरंभ

घरातील मूल तासन्‌तास कॉम्प्युटरपुढे बसू लागले, जुनी यंत्रे उघडून पाहू लागले, की आईवडिलांच्या मनात चिंता उत्पन्न होते. परक्या देशात येऊन कष्टाने संसार उभा केलेल्या पालकांना तर ती अधिकच वाटते. कारण मुलांचे शिक्षण हीच त्यांची खरी ठेव असते. या नादातून पोटापाण्याचे काही निघेल काय, असा प्रश्न आम्हां शिक्षकांस वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर म्हणून न्यूझीलंडमधील एका गृहस्थांचा जीवनक्रम वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

सर अँगस टेट यांचा जन्म १९१९ साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओमारू या लहानशा गावी झाला. त्या काळी मुलांच्या कुतूहलाचे यंत्र म्हणजे रेडिओ. वाल्व्ह आणि तारेची वेटोळी जोडून दूरचा आवाज पकडावयाचा, यात काही मुलांना विलक्षण आनंद वाटे. अँगस हा त्यांपैकीच एक होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानांवरील रडारशी त्यांचा संबंध आला आणि छंदाला विद्येची जोड मिळाली. युद्धानंतर ख्राइस्टचर्च येथे त्यांनी मोटारगाडीत बसविता येण्याजोगे बोलके रेडिओ तयार करण्याचा व्यवसाय आरंभिला.

या रेडिओचे कार्य साधे, परंतु मोलाचे आहे. टेलिफोनवर एक मनुष्य एकाशीच बोलतो. येथे बटण दाबून एकाने सांगितलेली गोष्ट त्याच क्षणी गटातील सर्वांना ऐकू येते. उंच टेकडीवरील केंद्र तो आवाज झेलून दूरवर पोहोचविते. पोलीस, अग्निशामक दल व रुग्णवाहिका यांचे काम त्यावर चालते.

एवढे असूनही १९६७ साली टेट यांची कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि तिचा कारभार त्यांच्या हातून गेला. उभ्या आयुष्याची कमाई अशी गेल्यावर मनुष्य खचतो. टेट यांनी मात्र १९६९ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, मोजक्या सहकाऱ्यांसह टेट इलेक्ट्रॉनिक्स ही नवी कंपनी स्थापन केली. पन्नाशीत सारे पुन्हा प्रारंभापासून करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. कित्येकांनी ते स्वतः केले आहे.

पुढे वाल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, नंतर कॉम्प्युटर आला. पूर्वी प्रत्येक गटाला एक ठराविक चॅनेल राखून ठेवावा लागे. तो रिकामा पडला तरी इतरांस मिळत नसे. कॉम्प्युटर आता रिकामा चॅनेल शोधून गरजवंतास क्षणार्धात देतो. म्हणजे आज कॉम्प्युटरशी खेळणारे मूल आणि काल रेडिओ उघडणारे मूल हे एकाच वाटेचे प्रवासी होत. टेट यांची कंपनी या प्रत्येक बदलाबरोबर नवे शिकत गेली व तिचे रेडिओ अनेक देशांत पोहोचले. ती परक्यांच्या हाती विकली जाऊ नये म्हणून त्यांनी तिची मालकी विश्वस्तांकडे सोपविली. १९९९ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि २००७ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, ते निवर्तले.

त्यानंतर चारच वर्षांनी, २२ फेब्रुवारी २०११ रोजी, त्याच ख्राइस्टचर्चमध्ये भूकंप होऊन १८५ माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी सारेच एकदम टेलिफोन करू लागतात, वीज जाते, मोबाइल मुके होतात. तेव्हा मदत करणाऱ्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येणे ही जीवनमरणाची गोष्ट ठरते.

आमच्या मते पालकांनी मुलाला यंत्रापासून ओढून दूर करू नये. तसेच त्याला नुसते खेळतही राहू देऊ नये. त्याने काय जोडले ते विचारावे, बिघडले तर त्यालाच दुरुस्त करू द्यावे आणि ही विद्या कोणाच्या उपयोगी पडेल, याचा विचार त्याला करावयास लावावा. टेट यांच्या रेडिओला गिऱ्हाईक मिळाले ते कोणाची तरी निकड भागली म्हणून. ही दृष्टी मुलाला लहानपणी आली, तर पुढे यंत्रे कितीही बदलली तरी ते निरुपयोगी ठरणार नाही.