अरण्याच्या निःश्वासाची जमाबंदी

‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच सर्गात हिमालयाचे वर्णन करताना कालिदास सांगतो, की गालांना सुटलेली कंड शमविण्यासाठी हत्ती सरल वृक्षांवर अंग घासतात, त्या घर्षणाने झाडांतून चीक पाझरू लागतो आणि त्याच्या गंधाने पर्वताचे माथे दरवळून जातात. या श्लोकात अलंकार कोणता, याचा खल पंडितांनी खुशाल करावा. मला मात्र तो अलीकडे एका अगदी अरसिक कारणासाठी वारंवार आठवतो. सरल म्हणजे आपला हिमालयातला चीड, पाइनच्या कुळातला वृक्ष. त्याला जखम झाली म्हणजे राळेतून उडून जाणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण एकाएकी वाढते, ही त्या कवीने टिपलेली गोष्ट फिनलंडमधील एका अरण्यात यंत्रे मांडून बसलेल्या शास्त्रज्ञांना नित्य अडचणीत टाकीत असते. कारण तेथे हत्ती नसले तरी हत्तीचे काम करणारा एक प्राणी आहे, आणि तो म्हणजे स्वतः मोजणीदार.

हे अरण्य ह्युतियाला येथे, हेलसिंकीच्या उत्तरेस सुमारे २२० किलोमीटरांवर आहे. हेलसिंकी विद्यापीठाने वनविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी १९१० साली तेथे ठाणे वसविले, १९६२ साली स्कॉट्स पाइनचे बी पेरून एक वन वाढविले, आणि त्याच वनात १९९५ साली वृक्ष व वातावरण यांच्यातील देवघेव अहोरात्र नोंदविणारे ‘स्मीयर’ हे केंद्र उभारले. वनशास्त्रज्ञ पेर्त्ती हारी आणि पदार्थवैज्ञानिक मार्क्कु कुल्माला या दोघांचा या उपक्रमात मोठा वाटा आहे. अलास्का-कॅनडापासून स्कँडिनेव्हिया व सैबेरियापर्यंत पृथ्वीच्या मस्तकाभोवती पट्टा बांधल्यासारखे जे सूचिपर्णी अरण्य पसरले आहे, आणि जगातील एकूण वनभूमीचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्याने व्यापला आहे, त्याच्या वतीने दाखला देण्याचे काम गेली तीन दशके ही एवढीशी जागा करीत आहे.

झाडे कार्बन डायऑक्साइड घेतात आणि प्राणवायू देतात, इतके शाळेत शिकून आपण थांबतो; परंतु घेतलेल्या कार्बनापैकी अल्पसा अंश ती बाष्पनशील सेंद्रिय संयुगांच्या रूपाने हवेत परत सोडीत असतात, हे आपल्या नाकाला ठाऊक असले तरी विज्ञानाच्या दफ्तरी त्याची नोंद बरीच उशिरा झाली. रंगाऱ्याच्या डब्यातील टर्पेंटाइनचा जो उग्र वास, त्यातील प्रमुख घटक अल्फा-पायनीन हाच उत्तरेच्या पाइनवनाचाही प्रमुख गंध होय. दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजन अणूंच्या या घराण्याला मोनोटर्पीन म्हणतात. त्याचा धाकटा, पाच कार्बनांचा भाऊ आयसोप्रीन हा वनस्पतींच्या पानांतून बाहेर पडतो, हे जॉर्जियातील सानाद्झे यांनी १९५७ साली दाखविले. पुढे १९६० साली फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये असा विचार मांडला, की दूरच्या डोंगरांवर उन्हाळ्यात जे निळे धुके तरंगताना दिसते ते झाडांतून निघालेल्या याच द्रव्यांपासून बनत असावे, आणि वनस्पती दरसाल साडेसतरा कोटी टन द्रव्य हवेत सोडीत असाव्यात, असा अजमासही त्याने बांधला. तो अजमास त्या काळी अवाच्या सवा वाटला असता तर नवल नव्हते. परंतु १९९५ साली अ‍ॅलेक्स ग्युंथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा नुसत्या कार्बनाचाच आकडा वर्षाला ११५ कोटी टनांवर गेला, म्हणजे वेंटने वनश्रीची आकारणी फारच हलकी केली होती असे म्हणावे लागते.

हे आकडे येतात कोठून? एका फांदीपासून. पाइनच्या जिवंत डहाळीभोवती पारदर्शक पेटी बसवावयाची, ती ठराविक वेळाने आपोआप मिटावयाची, मिटलेल्या अवधीत आतील हवेत गंधद्रव्य किती वाढले ते पाहावयाचे, आणि मग पेटी पुन्हा उघडून फांदीला मोकळा वारा द्यावयाचा, अशी ही सांगावयास सोपी रीत. पण टर्पीने पेटीच्या भिंतींना चिकटतात, म्हणून आतून टेफ्लॉनचे अस्तर द्यावे लागते. त्यांच्यापैकी काही इतकी उतावळी, की हवेतील ओझोनशी गाठ पडताच दोन-चार मिनिटांत नाहीशी होतात, म्हणून मापनयंत्राकडे जाणाऱ्या हवेतून ओझोन आधीच काढून टाकावा लागतो. आणि सर्वांत मोठी आपत्ती ती कालिदासाच्या हत्तीची: पेटी बसविताना फांदी जराशी वाकली, चार सुया मोडल्या, की पुढे कितीतरी वेळ यंत्र जे सांगते ते झाडाच्या स्वस्थ निःश्वासाविषयी नसून त्याच्या दुखापतीविषयी असते. म्हणून जाणता मोजणीदार पेटी बसवून स्वस्थ बसतो आणि पहिल्या नोंदी विचारात घेत नाही. ज्याची मोजणी करावयाची त्यालाच हात लावल्याने मोजणी बिघडावी, हा अनुभव आपल्याकडील खानेसुमारीच्या कारकुनांनाही अगदी अपरिचित नसेल.

झाड स्वस्थ झाले तरी गणित सुटत नाही. ऊन तापले म्हणजे गंध वाढतो, आणि तो सरळ पटीने न वाढता चक्रवाढीने वाढतो. तापमान दहा अंशांनी चढले, की मोनोटर्पीनांचे उत्सर्जन जवळजवळ अडीच पट होते. पूर्वी अशी समजूत होती, की पाइनमधील गंध हा केवळ राळेच्या नलिकांत साठविलेल्या कोठारातून झिरपतो. परंतु झाडाला खूण केलेला, म्हणजे जड कार्बनाचा, वायू खाऊ घालून पाहिल्यावर असे आढळले, की स्कॉट्स पाइनच्या गंधापैकी निम्म्याहून अधिक भाग त्याच वेळी, त्याच उन्हात, ताजा घडविलेला असतो. मला यापेक्षाही विलक्षण वाटते ती आणखी एक गोष्ट. एकाच वनातील, एकाच वयाची, एकमेकांना खेटून उभी असलेली झाडेसुद्धा एका वासाची नसतात. एखादे अल्फा-पायनीन सोडते, तर शेजारचे मुख्यतः कॅरीन नावाचे दुसरेच मोनोटर्पीन. म्हणजे एका झाडावरून वनाची परीक्षा करणे हे एका शितावरून भाताची परीक्षा करण्याइतके निर्धोक नाही.

तेव्हा फांदी सोडून मोजणीदार मनोऱ्यावर चढतो. ह्युतियालाचा मनोरा आता १२७ मीटर उंच आहे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने वारा मोजणारे उपकरण झाडांच्या शेंड्यांवर बसविले, की हवेचा कोणता भोवरा वर जातो आणि कोणता खाली येतो हे सेकंदाला दहा वेळा कळते. वर जाणाऱ्या भोवऱ्यात गंध अधिक आणि खाली येणाऱ्यात कमी असेल, तर त्या फरकावरून संबंध वनाचे उत्सर्जन काढता येते. यासाठी लागणारे चपळ नाक ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे वेर्नर लिंडिंगर यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केले. पाण्याच्या रेणूला एक जादा प्रोटॉन चिकटवून तो हवेत सोडला, की नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, पण टर्पीन तो प्रोटॉन तत्काळ आपल्याकडे ओढून घेते, विद्युत्‌भारित होते आणि तराजूत सापडते. एक अब्ज भागांतील एका भागाहूनही विरळ असलेला गंध अशा युक्तीने हाती येतो. अल्फा-पायनीन आणि कॅरीन यांचे वजन एकच असल्यामुळे हे यंत्र मात्र त्यांना वेगळे ओळखू शकत नाही, हा त्याचा दोष.

हे सारे मोजून मिळवायचे काय, असे कोणी विचारील. हवेत गेलेल्या टर्पीनाचे ओझोनशी व हायड्रॉक्सिल मूलकाशी संयोग होतात, आणि २०१४ साली मिकाएल एन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविल्याप्रमाणे काही रेणू तर काही क्षणांत पुनःपुन्हा ऑक्सिजन गिळून इतके जड होतात, की त्यांना वायुरूपात राहवत नाही. मग ते एकत्र येऊन एक-दोन नॅनोमीटरांचे कण जन्मास घालतात वा त्यांना पोसतात, आणि असे कण वाढत वाढत दिवसभरात ढगाच्या थेंबाचे बीज होण्याइतके मोठे होऊ शकतात. जानेवारी १९९६ पासून ह्युतियालात या कणांची अखंड नोंद आहे; ज्या दिवशी असे कण जन्मतात त्या दिवसाचा आलेख खालून वर वाकत जातो, आणि त्याला तेथील विद्वान मंडळी गंभीर चेहऱ्याने ‘केळे’ म्हणतात. ढगांचे थेंब अधिक आणि बारीक झाले, की ढग अधिक पांढरा होऊन सूर्याचा ताप परतवितो. वनाचा गंध असा थेट हवामानाच्या खात्यावर मांडावा लागतो.

आणि तेथेच जमेला खर्चाचा मेळ बसत नाही. विनायक सिन्हा हे पुढे मोहालीच्या संस्थेत आलेले भारतीय शास्त्रज्ञ जर्मनीत माइन्झ येथील माक्स प्लांक संस्थेत असताना त्यांनी एक मार्मिक रीत बसविली. पंगतीत ठराविक भुकेली माणसे आणि एकच पक्वान्न असावे, आणि मग कोणी झाकून आणलेले आणखी काही वाढले, तर पहिल्या पक्वान्नाचे किती उरले यावरून, झाकणाखाली काय होते हे न पाहताही, पाहुण्यांनी त्यातले किती खाल्ले ते ताडता येते. येथे भुकेले पाहुणे म्हणजे हायड्रॉक्सिल, मोजून वाढलेले पक्वान्न म्हणजे पायरोल, आणि झाकून आणलेले ते वनाची हवा. ऑगस्ट २००८ मध्ये ही पंगत ह्युतियालात बसविली. तेथे हायड्रॉक्सिल सरासरीने सेकंदाच्या नवव्या हिश्शाइतकेच टिकत होता. शेजारी तीसएक संयुगे नावानिशी मोजली जात होती, आणि त्या तिसांनी मिळून या खर्चाचा निम्माच तपशील दिला. दोन वर्षांनी, २०१० च्या उन्हाळ्यात, पुन्हा मोजणी झाली. एरवीच्या दिवसांत ५८ टक्के खर्च अनामिक निघाला, आणि दीर्घ उष्म्याने वन कासावीस झाले होते त्या दिवसांत ८९ टक्के.