बंपर पिकला, भावा!

जुलैत कोल्हापुरातली एकही गाडी म्हातारी दिसत नाही. पाऊस लागला की चाकावरचं क्लॅडिंग, आरशाचं कव्हर, वायपरखालची जाळी सगळं काळंकुळकुळीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की तेच प्लास्टिक राखाडी, आणि मालक हळहळतो, "रंग उडाला." उडाला असता तर पावसाने तो परत कुठून आणला असता?

गाडीच्या प्लास्टिकमधला काळा रंग म्हणजे कार्बन ब्लॅक, म्हणजे शुद्ध काजळी. काजळी उन्हाला दाद देत नाही. मोडतं ते तिच्याभोवतीचं प्लास्टिक. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, वरच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत शिरलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरट दिसतो. भेगांत पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि आतलं काळं पुन्हा दिसू लागतं. ओला डांबरी रस्ता जास्त काळा दिसतो तोही याच कारणाने.

एवढं कळलं की बाजारातल्या अर्ध्या बाटल्यांचं गुपित कळलं. सिलिकॉनची पॉलिश असो, वॉशिंग सेंटरवर टायरसोबत बंपरलाही फासलेली टायर पॉलिश असो किंवा घरचं गोडं तेल, सगळ्यांचं काम एकच: भेगा बुजवणं. प्रकाश वळवण्याची ताकद बंपरच्या प्लास्टिकइतकी ज्याची, ते द्रव जास्त काळं दाखवणार. हा अपवर्तनांक पाण्याचा 1.33, सिलिकॉन तेलाचा 1.40 च्या आसपास, शेंगतेलाचा 1.47 आणि बंपरच्या प्लास्टिकचा 1.49. म्हणजे कागदावर आपलं शेंगतेल महागड्या सिलिकॉनला चितपट करतं! रस्त्यावर मात्र हरतं. हवा लागून ते चिकट होतं, आणि मग ऊसवाहतुकीच्या रस्त्यावरची सगळी धूळ तुमच्या बंपरवर मुक्कामाला येते.

नव्या कोल्हापुरी चपलेला तेल पाजलं तर ती पिते, मऊ होते, चावायची थांबते. चामड्याला पोट असतं. प्लास्टिकला नसतं, ते तेल फक्त अंगावर घेतं आणि पुढच्या धुण्यात सोडून देतं.

तेलांत एक वस्ताद मात्र आहे: जवसाचं. ते हवेत सुकतं आणि कडक पापुद्रा धरतं, म्हणून तर जगभरचे चित्रकार तैलरंगात तेच वापरतात. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. बंपरवरही ते इतर तेलांपेक्षा जास्त टिकतं. पण ते सुकताना उष्णता सोडतं. तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकला, तर काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. चिंधी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. ही गंमत नाही, जगभरात गॅरेजं आणि सुतारकामाची शेडं यापायी जळाली आहेत.

आता जरा बंपरची जात बघू. सुटा बंपर हाती लागला तर तो उलटा करा, आतल्या बाजूला बहुतेक वेळा कोरलेलं असतं: पीपी, ईपीडीएम, टीडी 20. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ईपीडीएम म्हणजे धक्का सोसायला घातलेलं रबर आणि टीडी 20 म्हणजे 20 टक्के टाल्कची भुकटी. होय, तोंडाला लावायच्या पावडरीत असतो तोच टाल्क, खनिजांमध्ये सगळ्यात मऊ. आणि पॉलिप्रोपिलीन? शेतातलं खताचं विणलेलं पोतं त्याचंच. बंपर आणि पोतं सख्खे भाऊ. पोतं एक-दोन उन्हाळे बांधावर पडलं की हातात भुगा येतो, बंपर वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्याला काजळीचं कवच आहे: ती अतिनील किरण स्वतः गिळते. टायर काळे असण्यामागेही हीच काजळी. पूर्वी ते फिकट पांढरट असत. मिशेलिन कंपनीचा 1898 पासूनचा टायरबाबा अजून पांढरा आहे तो त्या जमान्याची खूण म्हणून.

बरं, हे ऊन नक्की कुठलं? कोल्हापूरकरांना उन्हाची वेळ वेगळी शिकवायला नको. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी, तसंच 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला मावळतीची किरणं अंबाबाईच्या गाभाऱ्यात येतात. किरणोत्सवाचं हे ऊन प्लास्टिकच्या दृष्टीने निरुपद्रवी. तिरकी किरणं हवेचा जाड थर ओलांडून येतात आणि त्यात अतिनील भाग बराचसा गाळला जातो. खरा वैरी सकाळी 10 ते दुपारी 3 चा सूर्य. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो भर दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर असतो. ऑगस्टला ढग वाचवतात, मेमध्ये कोण वाचवणार? त्यात आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. उंची 1000 मीटरने वाढली की अतिनील किरणं सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. म्हणजे आकाश सारखंच निरभ्र असेल तर रत्नागिरीपेक्षा कोल्हापूरचं ऊन पाचेक टक्के जास्त तिखट. तिखटात आपण मागे कसे राहू!

म्हणूनच सगळ्यात आधी पिकते ती वायपरखालची जाळी. ती आभाळाकडे तोंड करून पडलेली आणि खालून इंजिनची धग. जुनी गाडी घ्यायला गेलात तर मीटरआधी ही जाळी बघा. गाडी सावलीत वाढली की उन्हात, ती न विचारता सांगते. फक्त नुकतीच पॉलिश मारलेली नाही ना, ते कोरड्या फडक्याने पुसून बघा.

मुळात हे काळं प्लास्टिक आलं कधी? दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी भगवी मेबॅक मोटार दसरा चौकात येते. तिच्या अंगावर पिकण्यासारखं काही नाही, सगळा धातूचा कारभार. 1972 मध्ये फ्रान्सच्या रेनो 5 ने छोट्या गाडीला प्लास्टिकचे बंपर लावले आणि लोखंडी बंपरांचे दिवस भरले. आपल्याकडे चकचकीत बंपरची प्रीमियर पद्मिनी एका बाजूला आणि 1983 ची मारुती 800 दुसऱ्या बाजूला उभी करा, पिढी कुठे बदलली ते दिसेल. नंतर एसयूव्हीच्या नादात प्लास्टिक दारांवर, चाकांवर चढलं. अमेरिकेत 2000 मध्ये आलेली पाँटियाक अझ्टेक तर या राखाडी चिलखतापायी चेष्टेचा विषय झाली. कंपन्यांचा हिशोब सोपा: रंगवायचा खर्च वाचतो आणि गाडी दणकटही दिसते.

आता चटकन काही नुस्खे. डब्ल्यूडी-40 हा फवारा 1953 मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्रांना गंज लागू नये म्हणून बनला. बंपरवर तो थोडे दिवस मस्त दिसतो, मग उडून जातो. पॉलिशच्या मेणाचे पांढरे डाग पडले तर अमेरिकेत पीनट बटर घासतात, त्यातलं तेल मेण सोडवतं. आपण शेंगदाण्याच्या चटणीने हा प्रयोग करू नये. पोरांच्या दप्तरातला खोडरबर तेच काम नीट करतो. जोतिबाहून गुलालात माखून आलात तर आधी पाणी मारू नका, कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओला गुलाल खरखरीत प्लास्टिकच्या खाचांत बसला की हटत नाही.

गरम हवा फेकणाऱ्या हीट गनची चलती व्हिडिओंमुळे झाली. 160 अंशांच्या आसपास प्लास्टिक वितळतं, भेगा मिटतात, क्षणात काळं. नाद खुळा! पण त्या बंदुकीची हवा 500 अंशांच्या वर जाते. हात एक क्षण रेंगाळला की वरची नक्षी सपाट, आणि शेजारच्या पत्र्याचा रंगही फुगतो. शिवाय आतली उन्हाविरुद्धची ताकद परत येत नाही, त्यामुळे पिकणं पुन्हा सुरू. थेट स्प्रे मारणाऱ्यांची गत आणखी वाईट. पॉलिप्रोपिलीनला रंग मुळात धरतच नाही. कारखान्यातसुद्धा ते रंगवण्याआधी वरून आगीची ज्योत फिरवावी लागते. गॅरेजवाल्याने प्लास्टिक प्रायमर न मारता स्प्रे उचलला तर त्याला तिथंच थांबवा.

माझा कौल असा. पिकलेल्या बंपरवरची सगळी जुनी पॉलिश डिग्रीझरने धुऊन काढा, कोरडं करा, मग अतिनील किरण रोखणारं कोटिंग द्या. मेहनत त्या धुण्यात आहे, बाटलीत नाही. आणि नवी गाडी घेतली असेल तर पिकायची वाट बघू नका. पेढे वाटून झाले की त्याच महिन्यात कोटिंग मारा, आणि दुपारची गाडी झाडाखाली लावा. पक्ष्यांची शिट धुतली की जाते.