घरच्या गॅरेजात गाडीची लिफ्ट : आधी खडू, मग बयाणा

फलटणच्या आसपास घराच्या अंगणातच गॅरेज चालवणारे कारागीर आहेत. पुढे रस्ता, मागे राहते घर आणि मध्ये पत्र्याची शेड. उस्तादांच्या हाताखाली शिकताना बहुतेकांनी जॅक लावून, लाकडी ठोकळे ठेवून गाडीखाली पडून काम केलेले असते. जॅक सरकला तर काय होते, हे कारागीर बंधूंना आम्ही सांगायला नको. म्हणून चार पैसे गाठीला आले की दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट घ्यावी, असे अनेकांच्या मनात येते. विचार चांगलाच आहे. परंतु लिफ्ट एकदा बोल्टने पक्की केली की तिची जागा सहज बदलता येत नाही. ती कोठे उभी करावी हे बयाणा देण्यापूर्वी कसे ठरवावे, ते येथे सांगत आहोत.

प्रथम जमीन पाहा

नीरा उजव्या कालव्याच्या भिजणाऱ्या पट्ट्यात काळी जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर पातळ कोबा केला तर तो उचलला जातो आणि तडकतो. दोन खांबांची लिफ्ट गाडीसह सगळा भार दोन लहान तळपट्ट्यांवर टाकते आणि तिची पकड फक्त काँक्रीटमधल्या बोल्टांवर असते. म्हणून काळी माती काढून मुरमापर्यंत जावे. खड्ड्यात थराथराने मुरूम भरावा, पाणी मारून धुमसून घ्यावा आणि वर लोखंडी जाळीचे काँक्रीट एकसंध ओतावे. कंपनीच्या नकाशात काँक्रीटची जी जाडी दिली असेल तिच्यापेक्षा ते कमी नको. आमच्या मते काळ्या जमिनीवर सहा इंचांखाली जाऊच नये. पाणी मारून 28 दिवस पूर्ण झाल्याशिवाय बोल्टांसाठी भोके पाडू नयेत.

शहाबादी फरशीवर किंवा लादीवर लिफ्ट कधीही बसवू नये. फरशीखाली वाळू किंवा चुन्याचा थर असतो, त्यात बोल्ट धरत नाही. खांब काँक्रीटच्या कडेला किंवा सांध्यावरही येऊ देऊ नये.

घरच्या अंगणात आणखी एक धोका असतो. पाण्याचा हौद, शौचालयाची टाकी, सांडपाण्याचा पाइप हे सारे जमिनीखाली असते आणि वरून दिसत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या जागा आधी खुणावून घ्याव्यात. जुना कामाचा खड्डा बुजवून तेथेच लिफ्ट लावायची असेल तर नुसता राडारोडा टाकून भागणार नाही. तोही थराथराने भरून घट्ट करावा लागतो.

मग वर पाहा

ज्यांनी मारुती 800 च्या काळात शेड बांधली त्यांना उंचीची चिंता नव्हती. त्या गाडीची उंची दीड मीटरच्याही आत होती. 2014 साली तिचे उत्पादन थांबले. आता दारात बोलेरो येते. तिची उंची 1.88 मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट दोन इंच. लिफ्टचे हात सहा फुटांवर गेले की गाडी साधारण पाच फूट उचलली जाते आणि तिचे टप अकरा फुटांच्या वर जाते. वरून आडवा दांडा असलेल्या लिफ्टचे खांबच बारा फुटांच्या आसपास असतात. म्हणून तेरा फूट मोकळी उंची हाताशी असावी.

ही उंची आढ्यापाशी मोजू नका. पत्र्याची शेड मध्ये उंच आणि कडेला बसकी असते. कैचीच्या खालच्या दांड्यापासून मोजा आणि खांब जेथे येणार तेथेच मोजा. पंखा, ट्यूबलाइट आणि शटरचा गुंडाळा हेही हिशेबात धरा. उंची कमीच असेल तर खालून पट्टी असलेली बुटकी लिफ्ट मिळते. मात्र गाडी कोठवर उचलायची याची खूण खांबावर ठळक रंगवून ठेवावी.

लांबी-रुंदीचा हिशेब

दोन्ही खांब बाहेरून मोजले तर सुमारे साडेअकरा फूट होतात. दोन्ही बाजूंना माणूस जाण्याइतकी जागा सोडली तर पंधरा फूट रुंदी लागते. खांब शेजाऱ्याच्या भिंतीला किंवा कैचीला बांधू नये. लिफ्ट स्वतःच्या पायावरच उभी राहिली पाहिजे.

लांबीसाठी इनोव्हा क्रिस्टा धरा, म्हणजे सुमारे साडेपंधरा फूट. मागच्या भिंतीला दोन फुटांचे टेबल, त्यापुढे तीन फूट चालण्याची वाट आणि मग गाडीचे तोंड. म्हणजे खांबांची रेघ मागच्या भिंतीपासून सुमारे तेरा फुटांवर येते. गाडीच्या शेपटामागे दोन फूट सोडून मग शटर असावे. सर्व मिळून तेवीस ते चोवीस फूट लागतात.

गाडीचा तोल खांबांच्या रेघेजवळ पडला पाहिजे. पुढे इंजिन असलेल्या रिकाम्या गाडीचा तोल पुढच्या बाजूला असतो. पिकअपमध्ये माल भरला की तो मागे सरकतो, म्हणून माल उतरवल्याशिवाय पिकअप उचलू नये.

खडू आणि दोन पिंपे

हे सारे कागदावर पटले तरी तेवढ्यावर थांबू नका. शेडमध्ये खडूने रेघा आखा आणि खांबांच्या जागी ऑइलची दोन रिकामी पिंपे उभी करा. मग आपल्याकडे येणारी सर्वांत मोठी गाडी रस्त्यावरून आत घ्या. गल्लीतून वळताना ती सरळ येते का? चारही दारे उघडतात का? बॉनेट उचलून पुढे उभे राहता येते का? गाडी आत असताना घरातील बायका-मुलांना जाण्यायेण्याची वाट उरते का? शेवटचा प्रश्न आम्ही मुद्दाम लिहिला आहे. घरच्या गॅरेजात मुले खेळत असतात आणि उचललेल्या गाडीखालून कोणाचीही वाट असू नये.

वीजजोडणीबद्दल महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे आणि अर्थिंग नीट करून घ्यावे. वीज गेली तर गाडी हाताने कशी उतरवायची ते लिफ्ट बसवणाऱ्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. गाडी उचलल्यावर ती दोन्ही खांबांच्या कुलपांवर टेकवूनच खाली जा. नुसत्या तेलाच्या दाबावर विसंबू नका.

खोदकाम उन्हाळ्यात केले तर काळी माती किती खोल आहे ते कळते आणि काँक्रीटही पावसाच्या आत पक्के होते. आषाढीला पालखी फलटणात मुक्कामी येते, तेव्हा रस्ते गाड्यांनी भरून जातात. त्या आठवड्यात पाया उकरून बसू नका.

लिफ्ट ही लाखाच्या घरातील वस्तू आहे. पायाचा खर्च त्याहून निराळा. तो वाचवण्याचा मोह होतो, पण त्या पायावर उभ्या राहिलेल्या गाडीखाली आपला भाऊ किंवा मुलगा काम करणार आहे, हे ध्यानात ठेवावे.