दाढ झोपेना? हाडातून झोपवा!

'इंजेक्शन दिलं तरी रूट कॅनॉल जाम दुखलं,' ही तक्रार ऑफिसच्या कँटीनमध्ये तुम्हीही ऐकली असेल. त्यावर ठरलेला टोमणा, 'तुला सहनच होत नाही काही!' पण बॉस, दोष तुमचा नसतो, जबड्याचा असतो.

वरच्या जबड्याचं हाड विरळ, त्यातून औषध झिरपतं. खालच्या दाढांपाशी मात्र बाहेरचं कवच जाड नि टणक. म्हणून डॉक्टर पार मागे, नस हाडात शिरते तिथे सुई टोचतात. ओठ, अर्धा जबडा, बऱ्याचदा जीभही बधिर. पण दाढेची नस आतून सुजली असेल, तर ओठ झोपतो आणि दाढ टक्क जागी! माझं तेच झालं. ड्रिल टेकलं आणि मी खुर्चीतून उडाले. 'आता हाडातून देऊ,' डॉक्टर म्हणाल्या. ऐकूनच घाम फुटला.

प्रकरण नावाइतकं भयंकर नाही. आधी हिरडी बधिर करायची, मग दोन दातांमधल्या हाडाला सुईएवढं भोक पाडून आतल्या स्पंजासारख्या भागात थेट औषध सोडायचं. औषध तेच, १९४३ साली तयार झालेलं लिग्नोकेन. 'स्टॅबिडेंट'मध्ये बारीक ड्रिल वेगळं, सुई वेगळी. भोक २ ते ५ सेकंदांत पडतं, पण हिरडीखालचं ते भोक सुईने पुन्हा शोधायचं म्हणजे कसरत! 'एक्स-टिप'मध्ये ड्रिलबरोबर गेलेली नळी तिथेच राहते, सुई त्यातून आत. आणि फ्रान्सच्या 'क्विकस्लीपर'मध्ये सुईच गोल फिरत हाडात शिरते, औषधाचा वेग मशीन सांभाळतं.

मला एक्स-टिप वापरलं. थरथर जाणवली, थोडा दाब. मग एकदम छातीत धडधड! लिग्नोकेनसोबत अ‍ॅड्रिनलिन असतं, ते हाडातून झटकन रक्तात जातं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून घाबरले नाही. काही मिनिटांत ओसरलं. दाढ मात्र जवळजवळ लगेच गार.

हृदयाचा त्रास किंवा बीपी असेल, तर हे आधीच सांगा. अ‍ॅड्रिनलिन नसलेलं औषधही असतं. तिथल्या हिरडीत पू असेल, तर तिथे हे करत नाहीत. सगळ्याच क्लिनिकमध्ये ही साधनं नसतात, त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून टाका. आणि खुर्चीत बसल्यावर दुखलं, तर दात-ओठ खात बसू नका. हात वर करा, 'ओठ बधिर झालाय, दाढ नाही' म्हणा. डॉक्टरांना तेवढं पुरतं.