मोबाईलमुळे अंगठा दुखतोय? नुसता आराम पुरणार नाही

ऊर्जानगरमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी बरीच पोरं ओळखीची आहेत. मनगटाची अंगठ्याकडची बाजू दुखते, ही तक्रार आता त्यांच्याकडूनही ऐकू येते. मैदानी चाचणीत मुलांना ७.२६० किलोचा गोळा फेकायचा असतो, म्हणून हे दुखणं त्यांना परवडणारं नाही.

आधी आत काय होतं ते बघू. अंगठा उचलणाऱ्या स्नायूंच्या दोन दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटाजवळ एका अरुंद नळीतून जातात. एका हातात फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने तासन् तास स्क्रोल केलं की तिथे घर्षण वाढतं, नळी जाड होते आणि दोरी अडकायला लागते. स्विस सर्जन डी क्वेर्वेन यांनी या आजाराचं वर्णन १८९५ मध्ये केलं, तेव्हा कुठे होता मोबाईल? कारण एकच, तीच हालचाल हजारो वेळा. आपल्याकडे मे महिन्यात तेंदूपत्त्याची ७०-७० पानांची पुडकी बांधणाऱ्या हातांचंही काम असंच एकसुरी असतं.

अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, पण अंगठ्याच्या मुळाशी जोरात कळ आली तर संशय घ्यायला हरकत नाही.

दुखत असेल तर पहिले काही दिवस स्क्रोलिंग खरंच कमी करा. पण महिनाभर हात नुसता ठेवून दिला तर टेंडन कमकुवत होतं आणि फोन हातात घेतला की दुखणं परत येतं. म्हणून हळूहळू भार द्यायचा. सुरुवातीला दुसऱ्या हाताने अंगठा अडवा आणि तो न हलवता बाहेर हलकाच दाबा, ३० सेकंद. कळ शांत झाली की पाचही बोटांभोवती रबरबँड लावून पंजा उघडा. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून, तळहात खाली ठेवून मनगट वर उचला आणि अगदी सावकाश खाली आणा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते शांत व्हायला हवं. नाही झालं तर भार कमी करा. स्नायूंपेक्षा टेंडनला वेळ जास्त लागतो, आठवड्यात निकाल मागू नका.

आणि एक. भरतीवाले जोर भरपूर मारतात, ओढायचे व्यायाम मात्र टाळतात. फोन बघताना खांदे पुढे झुकतात, जोरांनीही छातीच मजबूत होते. पाठीसाठी बारला लटका, पुल-अप्स करा. पहाटे मैदानावर वाघ-बिबट्याची धास्ती असेल तर दाराच्या कडीला जाड टॉवेल अडकवून घरीच ओढा. (कडी पक्की आहे ना, ते आधी बघा!)

फोनमध्येही थोडे बदल करा. जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग आहे, लांब मेसेज बोलूनच लिहा. फोन एका हातात धरा, टाइप दुसऱ्या हाताच्या तर्जनीने करा.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर प्रकार वेगळा आहे. तिथे मनगटातली नस दबलेली असू शकते. अशा वेळी व्यायामाचे व्हिडिओ शोधत बसू नका, चंद्रपूरला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.