स्पर्शाकडून दृष्टीकडे

बडोद्याच्या सर सयाजीराव रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकलेल्या माझ्या पिढीला आतड्याची नाजूकता बोटांनी कळे. किती ओढावे, कुठे थांबावे, हे स्पर्शच सांगे. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करताना बहुतेक यंत्रांवर हा स्पर्श हरपतो. ऊतींवरील ताण डोळ्यांनीच ओळखावा लागतो. म्हणून प्रशिक्षणार्थी आधी सिम्युलेटरवर सराव करतो, मग गुरूसमवेत दुसऱ्या कन्सोलवर बसतो; गरज पडताच गुरू सूत्रे आपल्याकडे घेतो.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ४७१ रुग्णांच्या ‘रोलार’ चाचणीत, गुदाशयाच्या कर्करोगात ऐनवेळी पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोटमुळे लक्षणीयरीत्या घटले नाही. शिक्षणाची किंमत रुग्णाने मोजू नये, यासाठी ज्येष्ठांनी तरुण सहकाऱ्यांशेजारी आवर्जून बसावे, ही माझी नम्र विनंती.