विसरतो, विसरून आणि गळणारा 'अ'

परभणीत 'काय करायलास?' असं विचारतात, पुण्यात 'काय करतोस?' 'करायलास'मध्ये लिहायला पाच अक्षरं, पण जीभ तीनच खंड पाडते: क-राय-लास. 'करतोस'ची चार अक्षरं दोनच खंडांत उरकतात: कर-तोस. एका स्वराभोवती बांधलेला असा तुकडा म्हणजे उच्चारखंड. मराठीत अक्षरांची संख्या आणि खंडांची संख्या पुष्कळदा जुळत नाही, कारण अक्षरात दडलेला 'अ' बोलताना गळतो.

पण तो वाटेल तिथे गळत नाही. शब्द शेवटाकडून तपासायचा. शेवटच्या अक्षरातला 'अ' सहसा जातो. मधला 'अ' जातो तो त्याच्या अलीकडे आणि पलीकडे प्रत्येकी एकच व्यंजन आणि त्या व्यंजनांच्या पलीकडे दोन्हीकडे स्वर असेल तेव्हा. म्हणून 'विसरतो'मध्ये 'र'चा 'अ' जातो आणि आपण वि-सर-तो म्हणतो. 'विसरून'मध्ये मात्र मधला 'स'चा 'अ' जातो: विस-रून. धातू एकच, पण प्रत्यय बदलला की तुटण्याची जागा बदलते. घ-सर-तो, घस-रून, ब-सव-तो, बस-वून. हे कोणी शिकवत नाही, तरी शाळेत न गेलेलं मूलही चुकत नाही. मला हे व्याकरणातलं सर्वांत सुंदर आश्चर्य वाटतं.

तुलनेला इटालियन घ्या: तिच्यात अक्षरात असा न लिहिलेला स्वर नसतो. तिथे अर्थ आघातावर हलतो. 'पार्लो'च्या पहिल्या खंडावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. मराठी क्रियापदाचा काळ आघाताने बदलत नाही.

पुन्हा परभणीकडे येऊ: परंपरेने संत जनाबाईंचं जन्मगाव मानलं जाणारं गंगाखेड याच जिल्ह्यातलं. संतांच्या मराठीत 'करितो' असं रूप सापडतं. त्यातला 'इ' पुढे झिजला आणि कर-तो उरलं. अभंग मात्र अक्षरं मोजतो: मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा, चौथ्यात चार. त्यामुळे चालीत म्हणताना, बोलण्यात गळालेला 'अ' पुष्कळदा पूर्ण उच्चारला जातो.

मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाला 'अ' गळण्याचा हा नियम शिकवावा लागतो, नाहीतर तो 'वि-स-र-तो' म्हणेल. त्याला बोलतं करताना 'करायलास', 'जायलो' ही मराठवाड्याची रूपंही त्याच्या कानी पडायला हवीत. तिथली माणसं रोज याच रूपांत बोलतात.